येऊ का आत?

दार सताड उघडं असो की नुसतं लोटलेलं, आमचे वकीलसाहेब उंबऱ्याबाहेर थांबत, डाव्या हातातली छत्री उजव्या हातात घेत आणि आतल्या माणसाला विचारत, "येऊ का आत?"

तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? सभ्य माणूस विचारतोच. पण थांबा. साहेब हे ज्याला विचारत, त्याला घरातलं कुणीच कधी काही विचारत नसे.

त्यांची सगळी वकिली अशाच माणसांसाठी होती. अमक्याचं डोकं ठिकाणावर नाही, सबब त्याचा कारभार आमच्या हाती द्यावा, असा घरच्यांचा अर्ज कोर्टात आला की त्या अमक्याच्या बाजूनं साहेब उभे राहत. बाररूममध्ये त्यांना 'वेड्यांचे वकील' म्हणत. साहेब खूश होऊन विचारत, "आणि तुमचे अशील शहाणे असतात वाटतं?" मी त्यांचा टायपिस्ट. माझ्याकडे स्कूटर होती, म्हणून सारथीही.

त्यांचं दुसरं वाक्य, "त्यांना विचारलंत का?" हे मात्र ते कुठंही टाकत. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या चहाच्या टपरीवर कुणी ऐटीत "सगळ्यांना स्पेशल!" म्हणालं की साहेबांचं आलंच, "त्यांना विचारलंत का?" एकदा एका लग्नाच्या बैठकीत देणंघेणं, हॉल, जेवण सगळं ठरलं, नारळ फुटायचा तेवढा बाकी, आणि साहेब म्हणाले, "मुलीला विचारलंत का?" नारळ तसाच हातात राहिला. पुढं त्यांना बैठकांची बोलावणी येईनात. पत्रिका तेवढी यायची, तीही अक्षता पडून गेल्यावर हातात पडेल अशा बेतानं.

स्वतःच्या लग्नाचंही त्यांनी तेच केलं. पोहे घेऊन आलेल्या मुलीला सगळ्यांसमोर विचारलं, "हे तुम्हाला विचारून चाललंय ना?" ती म्हणाली, "नाही." साहेबांनी हात जोडले आणि उठले. "पोहे मात्र संपवले हां मी," असं ते हा किस्सा सांगताना आवर्जून म्हणत. पुन्हा पोहे खायला ते कुठं गेले नाहीत.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा माणूस आजारी पडला. कानात आवाज यायचे. औषधांनी आवाज थांबले, पण त्याचं बोलणंही थांबलं. घर त्याच्या नावावर होतं. थोरल्या भावाला ते विकून गावी निफाडकडे परतायचं होतं आणि याला कायमचं इस्पितळात ठेवायचं होतं. तसा अर्ज त्यानं कोर्टात केला. भाऊ दुष्ट नव्हता, थकला होता.

आम्ही रविवारी गेलो. साहेब मागच्या खोलीच्या दारात उभे राहिले. छत्री या हातातून त्या हातात. "येऊ का आत?"

खाटेवरचा माणूस भिंतीकडं तोंड करून बसलेला.

भाऊ म्हणाला, "वकीलसाहेब, त्यो काय बोलतोय! लय दिस झालं, तोंडातून शबुद नाय. या तुम्ही, बसा, चहा घ्या."

"खोली त्यांची आहे," असं म्हणून साहेब वळले.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. माझा रविवार, माझं पेट्रोल, आणि पाहायला काय, तर एका माणसाची पाठ! मी कुरकुरलो, तर म्हणाले, "तुझ्या खोलीत कुणी असं घुसलेलं तुला चालेल का?" मला चाललं असतं, पण मी स्कूटरला किक मारली.

आणि एका रविवारी भिंतीकडून आवाज आला, "चपला काढून या."

परतीच्या वाटेवर साहेब माझ्या पाठीत थापा मारत होते. "ऐकलंस? घर आपलं आहे आणि आत कसं यायचं ते आपण सांगायचं, हे त्याला कळतं! आणखी काय पुरावा हवा?"

कोर्टात त्यांनी भाषण ठोकलं नाही. न्यायाधीशांना एवढंच म्हणाले, "आपणच त्यांना विचारावं." न्यायाधीशांनी विचारलं. माणूस बराच वेळ खाली बघत राहिला. मग म्हणाला, "पैशाचं भावानं बघावं. मला जमत नाय." मग मान वर केली. "घर इकू नये. मला तिथं झोप येते."

निकाल तसाच लागला. बाहेर भाऊ डोळे पुसत त्याला म्हणाला, "आधी बोलायचं ना रं!"

"तू इचारलं कधी?"

त्या संध्याकाळी कॉलेज रोडला साहेबांना सोडलं. दुसऱ्या मजल्यावर ते एकटेच राहायचे. नेहमीप्रमाणे म्हणाले, "चहा घेतोस?" मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "नको साहेब, घरी वाट बघतात." ते वर गेले. स्कूटरवर राहिलेली फाईल द्यायला मी मागोमाग गेलो, तर साहेब स्वतःचं कुलूप काढून दारात उभे. त्यांनी छत्रीचा हात बदलला आणि आतल्या अंधाराला विचारलं, "येऊ का आत?" मी हसलो. दुसऱ्या दिवशी सगळ्या टायपिस्टांना हा प्रवेश साभिनय करून दाखवला.

पुढं बऱ्याच वर्षांनी त्यांना पक्षाघात झाला. पुण्याहून पुतण्या आला. त्यांना पुण्याला नेतो म्हणाला. मी इस्पितळाच्या जिन्यातच त्याला अडवलं आणि जन्मात न केलेलं भाषण केलं. साहेब नाशिक सोडणार नाहीत! ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या मर्जीसाठी खटले लढवले, त्याला असं सामानासारखं हलवता? त्यांना एकटं राहायला आवडतं!

पुतण्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "काका, तुम्ही विचारलंत त्यांना?"

मी खोलीच्या दाराशी गेलो. चपला काढल्या. "साहेब, येऊ का आत?"

त्यांचं अर्धंच तोंड हसलं. मी पुण्याचं विचारलं. एकेक शब्द जुळवायला त्यांना फार कष्ट पडत होते.

"जातो," ते म्हणाले. "तिथं... माणसं आहेत."

पुण्याहून अधूनमधून फोन यायचा. बोलणं त्यांना जमत नसे. मग ते रिसीव्हर घराकडं धरत आणि मी ऐकत बसे. कुकरची शिट्टी, टीव्हीवरची मालिका, मुलांची भांडणं. मधेच पुतण्याची बायको ओरडायची, "आजोबांना विचारलंत का, भात हवाय की पोळी?" मग रिसीव्हर पुन्हा कानाशी यायचा आणि नुसता श्वास ऐकू यायचा. ऐकलंस ना, असं विचारणारा.

शेवटचा फोन पुतण्यानं केला. त्यानं काही सांगायच्या आधीच मला कळलं. त्याच्यामागं घर अगदी गप्प होतं.