मुराळ्याची मोटार

माझा दोस्त नरोत्तम गेल्याची बातमी मला आमच्या गावातून नाही, अमरावतीहून कळली. ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं माझं दुकान नुकतंच उघडून मी गल्ल्याला अगरबत्ती दाखवत होतो, तेवढ्यात त्याच्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा फोन आला. "सुभाष, भाऊ गया रे... सुरतले, पोऱ्याना घर. तुले कोनी सांगं नही का?" मला कोणी सांगितलं नव्हतं. मुलाकडे तपासणीला म्हणून गेलेला माणूस असा परस्पर निघून जातो, याचा मला आधी राग आला, रडू नंतर आलं.  मग अक्का म्हणाली, "आते माले आखाजीले लेवाले कोन येई?"

हा प्रश्न खानदेशाबाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. आमच्याकडे लेक आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येते, पण आपणहून येत नाही. भाऊ तिला घ्यायला जातो आणि त्या घ्यायला जाणाऱ्याला मुराळी म्हणतात. हल्ली फोन केला, तिकीट काढून दिलं की झाला मुराळी. अक्काला हे मान्य नव्हतं. आईवडील गेल्यानंतर कित्येक आखाजी तिने माहेर पाहिलं नाही. नरोत्तमने एकदा रेल्वेचं तिकीट पाठवलं, तर तिने निरोप धाडला, "तिकीट मना भाऊ नही शे." त्या एका वाक्याने त्याचं डोकं फिरलं. त्याच्या केळीच्या गोदामामागे वडिलांची काळी अँबॅसिडर उभी होती, अक्काची पाठवणी झाली होती तीच. हाताशी चांगली नवी गाडी असताना नरोत्तमने ती बाहेर ओढली आणि मला बोलावणं धाडलं.

मी म्हटलं, अरे, तापीकाठापासून अमरावती, तेही ऐन वैशाखात... तुला उन्हाचा झटका बसला की काय? तो शांतपणे म्हणाला, "सुभ्या, ज्या गाडीमा गयी त्याच गाडीमा तिले आनसु." होळीपासून आम्ही त्या गाडीला लागलो. टाकी उतरवून आतला गंज काढला, कार्ब्युरेटर दोनदा धुतला, रेडिएटरमधून इतका गाळ निघाला की त्यात वांगी लावता आली असती. होजपाइप, फॅनबेल्ट, ब्रेकचं रबर, सगळं नवं घातलं. माझ्या दुकानात जे नव्हतं ते मी मालेगावच्या भंगारातून शोधून आणलं. आमची भांडणंही रोजची. पेट्रोल ओढणारा तो जुना यांत्रिक पंप काढून विजेवरचा बसव, असं मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. "बापनी बसाडेल शे, मी काढाव नही," एवढंच त्याचं उत्तर. हट्टी माणूस होता. पण त्याचा हट्ट कधी कुणाच्या वाईटावर नव्हता, हे आज मी छातीठोकपणे लिहितो.

परीक्षा घ्यायची म्हणून आम्ही भर दुपारी तोरणमाळचा घाट चढलो. वरच्या वळणांवर मला जे वाटलं होतं तेच झालं. इंजिनाच्या उष्णतेने पंपातल्या पेट्रोलची वाफ झाली आणि गाडीने मान टाकली. आमचे मेकॅनिक अशा वेळी पंपावर ओलं फडकं टाकतात. आम्हीही टाकलं, पण ते पाचच मिनिटांत पापडासारखं वाळलं. मी जिंकल्याच्या थाटात त्याच्याकडे पाहिलं. नरोत्तम दगडावर बसून विचार करत होता. जन्म केळीच्या बागेत गेलेला माणूस... दुसऱ्या दिवशी त्याने केळीचा खांब तोडला, त्याचं पाण्याने भरलेलं जाड सोपट, म्हणजे वरची साल, सोलून पंपाभोवती गुंडाळलं, सुतळीने बांधलं आणि पुन्हा घाट चढला. गाडी थांबली नाही. विजेच्या पंपाचं नाव मी पुन्हा काढलं नाही.

निघालो तेव्हा डिकीत अक्कासाठी घेतलेल्या साडीशेजारी केळीचे खांब होते. शिरपूर, चोपडा, भुसावळ करत, वाटेत सोपट बदलत आम्ही अमरावतीला पोचलो. या सगळ्यात एक घोटाळा झाला. मुराळी म्हणून शिवलेला पांढराशुभ्र सदरा नरोत्तमने घरूनच घातला होता आणि केळीच्या चिकाने तो छातीपासून मनगटापर्यंत तपकिरी झाला. केळीचा डाग जन्मात जात नाही, हे त्याला कुणी सांगायला हवं होतं का? अक्का दारात आली. आधी तिने गाडी पाहिली, मग सदऱ्यावरून हात फिरवला. "केळीना डाग शे ना? ऱ्हाऊ दे," म्हणाली आणि आत गेली. बाहेर आली ती भरलेली पिशवी घेऊनच. ती पिशवी दरसाल आखाजीला भरलेली असायची, हे तिच्या सुनेने मला हळूच सांगितलं. त्यानंतर एकही आखाजी चुकली नाही.

गेल्या आठवड्यात अक्काचा पुन्हा फोन आला. आखाजीला आम्ही गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर पुजतो. यंदा नरोत्तमची पहिली घागर. "पन मी कशी येऊ? मुराळी विना कशी येऊ?" मी चिडून म्हणालो, "अक्का, मी येसु."  मग तिने विचारलं, "कोनती गाडी लई येशी?" मी म्हटलं, "तीच."

फोन ठेवून मी गोदामामागे गेलो. इतक्या वर्षांत त्याने मला स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. पहिल्यांदाच त्याच्या जागी बसलो आणि गुडघे खाली अडकले. नरोत्तम बुटका होता, सीट त्याने पार पुढे ओढून ठेवलेली. सीटच्या खटक्यावर हात ठेवून मी कितीतरी वेळ बसून राहिलो. ती तशीच राहावी असं फार वाटत होतं. पण असे मुडपलेले गुडघे घेऊन अमरावती गाठता येत नाही. मी सीट मागे सरकवली, पोटभर रडलो आणि उतरून बॉनेट उघडलं.