पुढची डावी बाजू

कल्याणच्या खाडीकाठी, जुन्या गावठाणात गणू भोईरांचा दुमजली बंगला आहे. बंगल्याच्या दारात एक काळी, दांडगी परदेशी गाडी उभी असते. उभी म्हणायचं आपलं. त्यांच्या बायको आवडाबाई गेल्यानंतरच्या दिवसांत ती रोज सकाळी पुढच्या डाव्या बाजूनं जमिनीला टेकलेली असायची. गणूशेठ दात घासत बाहेर यायचे, तिच्याकडे बघायचे, चावी फिरवायचे. आत कुठेतरी कण्हल्यासारखा आवाज व्हायचा आणि दोन-तीन मिनिटांनी गाडी कशीबशी सरळ व्हायची. मग ते गाडी बंद करून घरात जायचे. जायचं कुठेच नसायचं.

गाडीची हौस गणूशेठना कधीच नव्हती. वडील मिठागरावर राबले, ते स्वतः भाताच्या खाचरांत. जमीन इमारतींखाली गेली तेव्हा भाऊबंदांनी गळ्यात साखळ्या घातल्या, नव्या कोऱ्या गाड्या घेतल्या. गणूशेठनी चार गाळे बांधून भाड्याला दिले आणि स्कूटरवरच फिरत राहिले. पण आवडाबाईंच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीन दिवस ठाण्यात माजिवड्याला डायलिसिस. गुडघे तर आधीच कामातून गेलेले. लहान गाडीत वाकून बसता येईना, उंच गाडीत पाय टाकता येईना.

ही गाडी त्यांना ठाण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या दलालाकडे दिसली. तिला एक बटण होतं. ते दाबलं की गाडी चार बोटं खाली यायची, माणूस आत बसला की परत वर. आवडाबाईंनी दलालासमोर दोनदा चढून-उतरून बघितलं.

"हीच घेव," त्या म्हणाल्या. "मना हिच्यान चढता येते."

नवी घेतली तर नव्वद लाखांच्या घरात, ही अठराला मिळाली. दलाल म्हणाला, एका डॉक्टरनं वापरलेली आहे, मीटरवर फक्त ब्याऐंशी हजार किलोमीटर. गणूशेठनी गाडी घेतली आणि मग विठ्ठलवाडीला दौलतच्या गॅरेजमध्ये दाखवायला नेली. दौलत मूळचा साताऱ्याकडचा. पंधरा वर्षं मोठ्या वर्कशॉपमध्ये अशाच गाड्या खोलून, आता पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं काम करणारा. त्यानं स्कॅनर लावला, स्क्रीनवरचा आकडा मीटरशी ताडून बघितला.

"शेठ, घ्यायच्या आधी आणायची होती," तो म्हणाला. "मीटरवर ब्याऐंशी आहेत. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये एक लाख सदुसष्ट हजार आहेत."

"चालते ना?"

"चालते. पण स्वस्तात मिळाली म्हणून खर्च स्वस्तातला नसतो हिचा. पार्ट नव्वद लाखांच्या गाडीचेच लागतात."

पुढच्या तीन वर्षांत ते त्यांना पटलं. नुसती बॅटरी अठ्ठावीस हजारांची. इंजिनाच्या झाकणाखालून तेल गळायला लागलं, ते पॅकिंग बदलायला अर्धं इंजिन खोलावं लागलं. मग मागची एक हवेची पिशवी फुटली. या गाडीला साध्या स्प्रिंगा नव्हत्या, चारही बाजूंना रबरी पिशव्या, त्यांत हवा. ती कमी करूनच गाडी खाली बसायची. हितेश, त्यांचा मुलगा, प्रत्येक बिलाला कटकट करायचा. गणूशेठ पैसे द्यायचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, पहाटे साडेपाचला गाडी खाली बसायची, आवडाबाई चढायच्या, गाडी वर यायची. त्यात एकदाही चूक झाली नाही.

चूक झाली ती जानेवारीतल्या एका गुरुवारी. कंटेनर उलटल्यामुळे राजनोली नाक्यावर गाड्या तुंबल्या होत्या. अर्धा तास जागच्या जागी इंजिन चालू. काटा लालवर गेला, बॉनेटमधून वाफ यायला लागली. गणूशेठनी गाडी कडेला घेतली. पाणी फिरवणाऱ्या नळीचा प्लास्टिकचा जोड तडकला होता. रिक्षा हलत नव्हत्या, दुसरी गाडी येऊ शकत नव्हती. दोघं तिथे दोन तास बसून होते. कोंडी फुटल्यावर रिक्षानं सरकत सरकत सेंटरला पोचेपर्यंत पाळी निघून गेली होती. मधल्या पाळीत कसंबसं बसवलं, तेही चारऐवजी अडीच तास.

त्यानंतर तीन आठवड्यांनी आवडाबाई सकाळी उठल्याच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, त्या दिवसाचा याच्याशी काही संबंध नाही. गणूशेठनी त्यांना पुन्हा विचारलं. डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितलं. गणूशेठनी मान हलवली.

दिवसकार्य झालं. बायका रडल्या, हितेश रडला. गणूशेठ पाहुण्यांना चहा मिळाला की नाही ते बघत होते. बहिणीनं जवळ घेऊन सांगितलं, "दादा, मन मोकला कर." त्यांनी आत बघितलं, तर तिथे मोकळं करण्यासारखं काही सापडेना. भूक लागायची, ते जेवायचे. झोप यायची, झोपायचे. कुणी बोललं की उत्तर द्यायचे. सगळं कापसाआडून चालल्यासारखं.

जूनमध्ये हितेशनं दलाल आणला. त्यानं टेकलेली गाडी बघितली आणि साडेतीन लाख सांगितले.

"देऊन टाकू, बाबा," हितेश म्हणाला. "दारात पडून सडतेय. तुम्ही तर बसत पण नाय तिच्यात."

"बघू," गणूशेठ म्हणाले. दुसऱ्या दिवशी गाडी हळूहळू चालवत ते दौलतकडे गेले.

दौलतनं ती वर उचलून तासभर तपासली. पुढची डावी पिशवी घडीवर चिरली होती. गळणारी हवा सारखी भरून भरून हवेचा पंप जळत आला होता. उजवी पिशवीही फार दिवस टिकणारी नव्हती. पाण्याच्या नळीचा जोड जानेवारीत बदलला होता, पण पाण्याच्या पंपातून थेंब येत होते. सायलेन्सरमधली धुराची जाळी काजळीनं भरली होती.

"सगळं धरून दोन लाख सत्तर," दौलत म्हणाला. "कंपनीत गेलात तर पाचाच्या पुढे. शेठ, खरं सांगू? नका करू. साडेतीन मिळतायत ते घ्या."

"तू कर."

"कशासाठी पण? वहिनी होत्या तोवर ठीक होतं."

गणूशेठनी गाडीकडे बघितलं. "अशी वाकरी बघवत नाय," ते म्हणाले. "कर तू."

बारा दिवसांनी गाडी चारही चाकांवर सरळ उभी राहिली. चावी देताना दौलतनं बजावलं, "आता गल्लीत फिरवू नका. हायवेला घ्या, पडघा-शहापूरपर्यंत, अर्धा तास एका वेगात. आठवड्यातून एकदा. काजळी जळून जाते."

म्हणून शनिवारी गणूशेठ निघाले. दुर्गाडीचा पूल, कोन, मग राजनोली. पडघ्याला जायला उजवीकडे वळायचं होतं. ते डावीकडे, ठाण्याच्या रस्त्याला वळले. सेंटरच्या दारात गाडी थांबली तेव्हाच त्यांच्या ते ध्यानात आलं.

पायऱ्यांवर योगिनी उभी होती. पन्नाशीची, एकटी राहणारी, कल्याणच्या एका शाळेत ऑफिसात काम करणारी. तीन वर्षं आवडाबाईंच्या शेजारच्या खाटेवर तिची पाळी असायची. हाताला पट्टी, चेहरा पिठासारखा पांढरा. ती रिक्षाची वाट बघत होती.

"काका," ती म्हणाली. "तुम्ही इकडे?"

"गाडी फिरवाला काढली." मग ते म्हणाले, "बस. सोडतो."

ती नको म्हणाली, पण तिला उभं राहवत नव्हतं. गणूशेठनी बटण दाबलं. गाडी खाली बसली. योगिनी चढली. उतरताना तिनं आभार मानले, तर ते म्हणाले, "मंगळवारी साडेपाचला येन."

आणि ते गेले. मंगळवार, गुरुवार, शनिवार. तिला पेट्रोलपंपावर पैसे द्यायचे असत, ते घेत नसत. शेवटी महिन्याला एक टाकी तिनं भरायची असं ठरलं. हितेश एकदा म्हणाला, लोक काय म्हणतील. गणूशेठ म्हणाले, "म्हणू दे." याने त्यांना बरं वाटायला लागलं असं नाही. पहाटे उठायला कारण मिळालं, एवढंच. चार तास ते खाली बाकावर बसून राहायचे, तेही पूर्वीसारखंच.

सप्टेंबरात एकदा राजनोलीला पुन्हा गाड्या तुंबल्या. काटा मधोमध स्थिर होता, तरी गणूशेठ दर मिनिटाला तो बघत होते. योगिनीच्या ते लक्षात आलं.

"इथेच बंद पडली होती ना गाडी?" तिनं विचारलं.

"तुला कुनी सांगला?"

"मावशींनीच. त्या दिवशी मी संपवून निघत होते, तेव्हा त्या आल्या."

गणूशेठनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "माज्यामुले दीड तास कमी झाला तिचा," ते म्हणाले. हे ते पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते. डॉक्टरांनासुद्धा त्यांनी नुसता प्रश्न विचारला होता.

योगिनी त्यांच्याकडे वळली. "काका, मावशी हसत होत्या त्या दिवशी. म्हणाल्या, लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, पण हे कधी माझ्याशेजारी दोन तास गप्प बसून राहिले नव्हते. सारखी काय तरी कामं. आज कुठे जाताच येईना. तुम्ही कुणाकडून तरी बोरं आणलीत म्हणे."

बोरं आणली होती. टोपली घेऊन गाड्यांमधून फिरणाऱ्या एका बाईकडून. आवडाबाईंना बोरं चालत नव्हती, म्हणून त्यांनी दोनच खाल्ली आणि बाकीची यांना खायला लावली. गणूशेठ हे पार विसरले होते.

पुढची गाडी हलली. मागच्यानं हॉर्न दिला. गणूशेठनी गाडी पुढे घेतली, योगिनीला वेळेवर पोचवलं, बाकावर बसले. रडू आलं नाही. फक्त चहावाल्यानं दोनदा हाक मारली ती त्यांना ऐकू आली नाही.

घरी आल्यावर त्यांनी सुनेला, भावनाला, बोलावलं. आवडाबाईंचं कपाट आठ महिने कुणी उघडलं नव्हतं, उघडायचं असं कुणी म्हणतही नव्हतं.

"साऱ्या काढ," ते म्हणाले. "कोनाला कंच्या द्यायच्या ते बघू."

भावना एकेक साडी काढून पलंगावर ठेवायला लागली. गणूशेठ दाराशी उभे होते. थोड्या वेळानं ते आत येऊन पलंगाच्या कडेला बसले, आणि ती काढेल ती साडी मांडीवर घेऊन, कुठल्या लग्नातली ते सांगायला लागले.