दोन ओळींचं शुद्धिपत्र

जालन्याच्या कॉलेजात इतिहास शिकवायला लागून मला सहा-सात वर्षं झाली होती, आणि तोवर नावाजलेल्या शोधपत्रिकेत माझा एकच लेख छापून आला होता. तोही चुकीचा निघाला.

लेख वाटूरच्या पुढच्या एका खेड्यातल्या विहिरीवर होता. तिथल्या बौद्धवस्तीतल्या एका निवृत्त गुरुजींनी ट्रंकेतला जुना उर्दू कागद मला दाखवला होता. त्यावर विहीर खणणाऱ्या सोळा जणांची नावं होती आणि खाली तारीख. निजामाच्या राज्यात तहसिलीचे कागद फसली या महसुली सालाने चालायचे, म्हणून मी डोळे झाकून ते साल फसली धरलं. ते नेमकं मोठ्या दुष्काळाच्या सुमाराला येऊन पडलं. मग काय, सोळा नावं म्हणजे दुष्काळी कामावरची हजेरी आणि विहीर सरकारी, असं मी ठोकून दिलं. मोठ्या ऐटीत एक प्रत गावालाही पाठवली.

महिन्याभरात गुरुजी एसटीने कॉलेजात आले. स्टाफरूममध्ये टेकले, पाणी प्यायले आणि कागद माझ्यापुढे उलगडला.

"सर, साल पाह्यलं, महिना पाह्यला न्हाई तुम्ही. रज्जब लिव्हलंय. फसलीत रज्जब कुठून येतो? आजूर, दय, बहमन असं काही पाहिजे व्हतं."

रज्जब हा हिजरी महिना, तेव्हा सालही हिजरीच होतं. तोच आकडा हिजरीत मोजला की विहीर दुष्काळाच्या सात-आठ वर्षं आधीची ठरत होती. तेव्हा कसलं दुष्काळी काम? गुरुजींनी सांगितलं, गावच्या विहिरीवर वस्तीतल्यांना येऊ देत नव्हते, म्हणून त्या सोळा जणांनी स्वतःच्या अंगमेहनतीने आपल्या वस्तीसाठी ती खणली होती. पहिलं नाव गुरुजींच्या आजोबांचं होतं.

"आता गावातले लोक म्हनून राह्यले, कॉलेजच्या सरांनीच छापलंय, तुमचे आजे सरकारी मजुरीवर आल्ते. आमच्या पोरांना हेच ऐकावं लागतं. मंग तुम्ही तो लेख मागं घ्या. दुसरं काही नको."

मी त्याच दिवशी संपादकांना पत्र लिहिलं. उत्तर यायला दोन महिने लागले. लेख मागे घ्यायची आपल्याकडे पद्धत नाही, छपाईच्या चुकांचं शुद्धिपत्र तेवढं देता येईल. मी पुन्हा लिहिलं, चूक छपाईची नाही, माझी आहे, आणि निष्कर्षच कोसळतो. त्यावर काही नाही. तिसऱ्या पत्रानंतर आमच्या विभागप्रमुखांनी मला समोर बसवलं. ते तसे भले गृहस्थ. "वाचतंय कोण ते? आपल्याच हाताने आपली नाचक्की कशाला करून घेता?" म्हणाले. पोस्टात जायचा, पेटीत पत्र टाकायचा, महिनाभर वाट पाहायचा मला वीट आला होता.

शेवटी संपादकांचं कार्ड आलं. दोन ओळी त्यांनीच तयार केल्या होत्या. मान्य असल्यास सही करून पाठवा. मी सही केली. थकलो होतो म्हणून केली, असं मी पुढे कित्येक वर्षं सांगत आलो. खरं म्हणजे मला माझ्या नावाची काळजी होती, आणि त्या दोन ओळींत ते शाबूत राहत होतं.

अंक वर्षभराने निघाला. मी तो पिशवीत घालून वाटूरला उतरलो आणि तिथून चालत गेलो. गुरुजी ओट्यावर तूर निवडत होते. हात पुसून त्यांनी चष्मा लावला. शेवटच्या पानावर तळाला बारीक टायपात होतं: अमुक पानावर, अमुक ओळीत, या सालाऐवजी ते साल वाचावे. त्यांनी ते दोनदा वाचलं. पान उलटून मागे पाहिलं. मागे वर्गणीचे दर होते.

"साल बराबर केलं, सर," ते म्हणाले. "माझा आज्जा कुठं हाये यात?"

त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितलं आणि अंक मिटून माझ्या पिशवीत परत ठेवला.