चेतनभाऊजी आणि पुलाचा दुसरा भाग

माझे धाकटे दीर चेतनभाऊजी फार बोलत नाहीत. पांढुर्ण्यात तहसीलच्या रस्त्यावर त्यांचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. शेतावर राबून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या त्यांचा अंगठा मशीन घेत नाही. अशा वेळी भाऊजी चिडत नाहीत. आपल्या रुमालाने त्या माणसाचं बोट पुसतात, जरा थांबतात, आणि "आता ठेवा काका" म्हणतात. लग्न केलं नाही. का, हे विचारणं आम्ही घरच्यांनी सोडून दिलं आहे.

या माणसाचा जीव एका व्हिडिओ गेममध्ये अडकला होता असं सांगितलं तर लोक हसतात. मीही आधी हसले होते. संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावून मी हरिपाठाला बसायची, तेव्हा त्यांच्या खोलीतून पाणी वाहिल्याचा आवाज यायचा. खेळातली नदी ती. खेळाचं नाव इंग्रजी, अवघड. आम्ही घरात त्याला 'पूल' म्हणायचो.

एकदा मी दारात उभी राहून बघितलं. धुक्यातली नदी. या काठावर एक माणूस, त्या काठावर दुसरा. हा माणूस भाऊजी चालवत होते. तो दुसरा, त्याच्या घरून, वैभव. वैभव सावरगावचा, जाम नदीच्या पलीकडचा. खेळात बोलायची सोय नाही, हातात फक्त कंदील. एकदा लुकलुकवला तर 'मी तयार', दोनदा लुकलुकवला तर 'थांब'. याने एक गोटा नदीत बसवायचा, मग त्याने समोरून एक. एकाने घाई केली की दोघांचाही पूल पडतो. कधी पूर येतो आणि महिन्याभराचं काम वाहून जातं. पूल जुळला की दोघं मधोमध येतात, एकमेकांना वाकून नमस्कार करतात, बस. मग पुढची नदी जास्त रुंद.

"भाऊजी, यात जिंकतं कोण?" मी विचारलं.

"कोणीच नाही वहिनी. म्हणूनच बरा आहे."

वैभवचा डावा डोळा काचेचा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते. जामच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा. आमच्या बाजूचे तो तोडायला जातात, सावरगावचे राखतात, आणि दोन्ही काठांवरून गोटे चालतात. संध्याकाळी झेंडा चंडीमातेच्या देवळात येतो आणि दोन्ही गावं एकाच गर्दीत हात जोडतात. कोणाचा गोटा कोणाला लागला हे कोणी विचारत नाही, कोणी सांगतही नाही. सोयरीक नदीच्या दोन्ही बाजूला आहे. विचारत बसलं तर घरं चालायची नाहीत. सन २०१३ मध्ये वैभवचा डोळा गेला. त्याच्या पुढच्या वर्षापासून चेतनभाऊजी गोटमारीच्या दिवशी नदीवर गेले नाहीत. तीन वर्षांनी त्या दोघांनी हा खेळ सुरू केला. एका डोळ्याने अंतर नीट कळत नाही म्हणून वैभवने गाडी चालवणं सोडलं होतं, पण या खेळात घाई नव्हती. तो चांगला खेळायचा. माझ्या वहीत त्यांच्या पुलांच्या तारखा आहेत, कारण पूल जुळला की भाऊजी मला सांगायला यायचे आणि मी देवापुढे साखर ठेवायची. सतरा पूल झाले.

मग दुसऱ्या भागाची जाहिरात आली. भाऊजींनी ती मोबाइलवर आम्हा सगळ्यांना दाखवली. धुकं तेच, नदी तीच. अर्धा झालेला पूल. दोन्ही काठांवर माणसं उभी, प्रत्येकाच्या हातात गोटा. वर अक्षरं येतात: 'पुन्हा त्या काठावर चला.'

चौकातल्या चहावाल्या कवडूने तो व्हिडिओ पाहिला आणि म्हणाला, "अबे चेतन, हे तं आपली गोटमार आहे. कंपनीवाल्यायले कोणी सांगतलं?"

"गोटमार नाही कवडूभाऊ. ते गोटे पुलाचे आहेत. मांग अर्धा पूल दिसून राहिला ना."

"हातात गोटा अन् समोर माणूस. पूल कोण बांधते बे असा?"

तिथे बसलेले सगळे हसले. भाऊजी मात्र घरी येऊन तो व्हिडिओ थांबवून थांबवून बघत राहिले. माझ्या यजमानांना, जे सौंसरच्या शाळेत शिकवतात, त्यांनाही दाखवलं. "दादा, पहा. यानं गोटा कसा धरला आहे. दोन हातानं, खालून. मारायचा असता तं एका हातानं धरला असता." ते खरं होतं. दोन हातांनी, लेकरू धरावं तसा धरला होता. कंपनीच्या लोकांनी मुलाखतीत सांगितलं की आम्ही जुन्या खेळाडूंचं ऐकलं आहे. जुन्या खेळाडूंना त्यांचा कंदील नव्या खेळात भेट मिळणार होता. भाऊजींनी दोघांची नावं आधीच नोंदवून ठेवली. वैभव म्हणायचा, "मले भेव वाटते बे." भाऊजी म्हणायचे, "मी सांगतो ना तुले, पूलच आहे."

खेळ आला तो गेल्या फेब्रुवारीत, एका रविवारी. वैभव दुपारी लॅपटॉप घेऊन आमच्याकडेच आला. पहिला दिवस सोबत काढायचा ठरलं होतं. मी दोघांना पोहे दिले. दोघं दिवाणावर शेजारी बसले, प्रत्येकाच्या मांडीवर आपापलं यंत्र.

आधी कंदील आला. तो आता पेटत नव्हता. माणसाच्या कमरेला शोभेसाठी लटकवला होता, चालला की हलायचा. भाऊजींनी सगळी बटणं दाबून पाहिली.

"पेटतच नाही," ते म्हणाले.

"सेल गेले असतील," वैभव म्हणाला.

मग भाऊजी पुलाकडे गेले. अर्धा पूल होता, पण चित्रातला. त्याला हात लागत नव्हता. एक तास त्यांनी काठाकाठाने फिरून गोटा बसवायची जागा शोधली. गोटा उचलता यायचा, ठेवता यायचा नाही. तो फक्त फेकता यायचा. वैभवने पोहे संपवले, ताटली खाली ठेवली, आणि त्याच्या लक्षात आधी आलं.

"चेतन, अबे तो पूल नाही आहे. हे मारायचंच आहे."

वर आकडे उलटे मोजायला लागले. समोरच्या काठावर वैभवचा माणूस उभा. वैभवने एक गोटा फेकला, तो लांब पाण्यात पडला. दुसरा त्याहून लांब. या खेळात सगळं फार वेगाने पळत होतं आणि त्याच्या एका डोळ्याला ते पकडता येत नव्हतं. तो स्वतःवरच हसला.

"पाह्य, आंधळ्याची गोटमार. आता तू मार. मी उभाच आहो, नेम बी धरायची गरज नाही तुले."

भाऊजींनी हात यंत्रावरून काढून घेतले.

"मार ना बे. खेळ आहे तो. मी काय मरून राहिलो का?"

आकडे संपले. पडद्यावर आलं की चेतन मैदान सोडून पळाला, वैभव जिंकला. ढोल वाजले. भाऊजींनी आवाज बंद केला. मी ताटल्या उचलायला आले होते, ती तिथेच थांबले.

"वैभव, त्या वर्षी मी नदीवर होतो."

"कोणत्या वर्षी?"

"तुझ्या डोळ्याच्या."

"सगळेच होते."

"तू लाल बनेन घातली होती. तू मले दिसत होता. मी त्याच बाजूले मारत होतो. तू दिसल्यावर बी दोन मारले."

आमच्याकडे हे वाक्य कोणी उच्चारत नाही. चाळीस वर्षांचे शेजारी एकमेकांना हे न सांगता मरतात.

वैभवने लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि हळूच म्हणाला, "तू दवाखान्यात केळी घेऊन आला होता. आपली तं ओळख बी नव्हती."

"त्याच्यासाठीच आलो होतो."

"अन् मंग हा खेळ? एवढे पूल? मतलब, तू माझ्यासंग प्रायश्चित्त करून राहिला होता काय?"

भाऊजी खोटं बोलू शकले असते. मी मनात देवाचं नाव घेत होते की खोटंच बोलावं.

"पहिलं एक वर्ष," ते म्हणाले. "मंग नाही."

वैभवने लॅपटॉप पिशवीत घातला. चपला घालताना मला म्हणाला, "वहिनी, पोहे मस्त होते." भाऊजींकडे पाहिलं नाही.

त्यानंतर तो आला नाही, फोनही नाही. भाऊजी दुकानात जायचे, यायचे. आठवड्याने त्यांनी मला विचारलं, "वहिनी, तुमचं मराठी चांगलं आहे. एक पत्र लिहायचं आहे कंपनीले." मी म्हटलं, इंग्रजीत लिहा, तिकडे मराठी कोण वाचणार. ते म्हणाले, "इंग्रजीत मी फक्त अर्ज लिहितो."

ते बोलले, मी लिहिलं. माझ्या वहीत त्याची नक्कल आहे. 'तुम्ही खेळ बदलला याचं दुःख आहे, पण तो तुमचा खेळ, तुम्ही बदलू शकता. राग याचा आहे की तुम्ही गोटा दोन हातांनी धरलेला दाखवला. तुम्हाला ठाऊक होतं की आम्ही जुने लोक त्यात पूल पाहू आणि नवे लोक मारामारी पाहतील. दोघांनाही बोलवायचं होतं म्हणून तुम्ही दोन्ही दाखवलं. आमच्या गावात गोटा मारतात तेव्हा मारायचा म्हणूनच उचलतात. आणि संध्याकाळी थांबतात. तुमच्या खेळात संध्याकाळच नाही. मी एका माणसाला शब्द दिला होता की हा पूल आहे.'

उत्तर दोन दिवसांत आलं. चार ओळी, इंग्रजी, माणसाने लिहिल्यासारख्या नव्हत्या. तुमच्या प्रेमाबद्दल आभार, पुढच्या महिन्यात नवीन हत्यारं येत आहेत. खाली आणखी एक सूचना होती: जुना खेळ ३१ मार्चला कायमचा बंद होईल.

भाऊजींनी ती दोनदा वाचली. त्या संध्याकाळी त्यांनी जुना खेळ उघडला. अठरावा पूल अर्ध्यावर होता. त्यांनी कंदील एकदा लुकलुकवला आणि बसून राहिले. समोरच्या काठावर काही नाही. रोज तेच. मी हरिपाठ करताना नदीचा आवाज ऐकायची आणि माझं लक्ष अभंगांत राहायचं नाही. मंगळवारी जामसावळीला मारुतीच्या दर्शनाला गेले, तेव्हा पहिल्यांदा मी एका खेळासाठी नारळ फोडला. काय मागावं हे मात्र सुचलं नाही. खेळ राहावा असं मागणं मला पोरकट वाटलं, वैभव यावा असं मागणं म्हणजे त्याच्यावर जबरदस्ती. नुसता नमस्कार केला.

यजमान एकदा जेवताना म्हणाले, "सांगायचंच कशाले होतं? एवढी वर्षं गेली होती."

"जुन्या खेळात नसतं सांगतलं दादा," भाऊजी म्हणाले. "तिथं कामच दुसरं होतं. यांनी मले नेम धरून उभं केलं. तो समोर. आता मी तिथं गंमत म्हणून मारतो, तं मी कोण झालो?"

वैभव आला तो एकोणतीस मार्चला, शनिवारी, दुपारी. दारातूनच मला म्हणाला, "आहे काय तो?" मी आत बोलावलं. भाऊजी जेवत होते. वैभव समोर पाटावर बसला. मी त्याला वाढायला लागले, तर म्हणाला, "भाकर नको, भाजी द्या फक्त."

वैभवने भाजीची वाटी जवळ ओढली.

"मी लय शिव्या देल्या तुले," वैभव म्हणाला. "घरी. एकटाच."

"हो."

"पण तुझं पहिलं वर्ष ते होतं. माझं नव्हतं. माझं तं पहिल्या दिवसापासून खेळणंच होतं. ते मी काहून सोडू? तुझ्या हिशोबापायी?"

भाऊजींनी भाजीचं पातेलं त्याच्याकडे सरकवलं.

"दुसरा भाग भंगार आहे," वैभव पुढे म्हणाला. "मी घरी दोन दिवस खेळून पाहिला. तुयासारख्या माणसाले कसं फसवलं बे त्यांनी?"

"दोन हातानं धरला होता गोटा."

"हो. ते मले बी दिसलं होतं." मग भाजी संपवून तो म्हणाला, "सोमवारी नागपूरले जायचं आहे. डोळा बदलायचा. हा जुना सैल झाला, आत फिरते. दर वेळी भाऊ येते संग. या वेळी तू चाल."

सोमवारी एकतीस तारीख होती. भाऊजी म्हणाले, "त्याच दिवशी तो बंद होते. पूल अर्धा आहे."

"अर्धाच राहू दे. सकाळच्या गाडीनं जाऊ."

मी त्यांना पहाटे पोळ्या आणि लोणचं बांधून दिलं. दोघं संध्याकाळी उशिरा परत आले. तोवर खेळ बंद झाला होता. भाऊजींनी कॉम्प्युटर लावलाही नाही. पुढे कितीतरी दिवस संध्याकाळी ते त्या खोलीत उगाच जायचे आणि परत यायचे. ती जागा भरून आली असं मी लिहिणार नाही.

पण त्या दिवसाची एक गोष्ट वैभवने मला सांगितली. तिथे काचेच्या डोळ्यांचा ट्रे समोर ठेवतात आणि रंग जुळवतात. मागच्या दोन्ही वेळी रंग चुकला होता, कारण वैभवला आपलाच डोळा आरशात एका डोळ्याने बघावा लागायचा आणि भाऊ घाईत असायचा. या वेळी भाऊजींनी त्याला खिडकीपाशी नेलं, उजेडात उभं केलं, आणि त्याच्या उजव्या डोळ्यात बघत एकेक तपकिरी डोळा बाजूला धरून पाहिला. पाऊण तास. तिथला माणूस कंटाळला. शेवटी एक उचलून ते म्हणाले, "हा." मी वैभवला अंगणात उजेडाकडे तोंड करायला लावलं आणि पाहिलं. कोणता खरा, हे मला पटकन सांगता आलं नाही.