गोदावरीचं भांडण ऐकायला रायपूरला

रायपूरची गोदावरी कोण, हे मागच्या उन्हाळ्यात मी तुम्हाला चांगलं तासभर सांगितलं होतं. विसरलात ना? विसरणारच. चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधणारी माणसं तुम्ही, तुमच्याकडून किती अपेक्षा करायची? मला अक्षर ओळखता येत नाही, म्हणून सगळं डोक्यात ठेवावं लागतं. तुमचं सगळं मोबाइलमध्ये, आणि मोबाइल कुठे ठेवला तेही आठवत नाही. तर पुन्हा सांगते. मी बोलते, माझी नात रेवा लिहिते. मी "मले" म्हटलं की ती "मला" लिहिते. लिहू दे. शिकलेल्या पोरीला तेवढी हौस असतेच.

आमचे हे रेल्वेच्या ऑफिसात होते. त्यामुळे माझं निम्मं आयुष्य रायपूरच्या पुरानी बस्तीत गेलं. गोदावरी शेजारच्या घरात राहायची, तीही आमच्यासारखी विदर्भातूनच आलेली. थंडीत गल्लीतल्या बायका मिळून तिच्या गच्चीवर रखियाच्या बड्या घालायच्या. रखिया म्हणजे आपला कोहळा. तो किसून, पिळून, वाटलेल्या उडदाच्या डाळीत घालायचा, हाताने भरपूर फेटायचा आणि कापडावर छोट्या छोट्या बड्या टाकून उन्हात वाळवायच्या.

कामं कुणी वाटून दिली नव्हती, ती आपोआप ठरली. पलीकडची दुलारी छत्तीसगढी, दंडात जोर, म्हणून फेटायचं काम तिचं. माझ्या हाताला बडीचं टोक कधी जमलंच नाही, माझ्या बड्या चपट्या व्हायच्या, म्हणून मला कावळे हाकलायला आणि बोलायला बसवलं. मी बोलत राहिले की सगळ्यांचे हात चालायचे. आणि गोदावरीचं काम होतं नावं ठेवणं. पाण्याची वाटी घेऊन ती उभी राहायची. फेटलेल्या डाळीचा ठिपका वाटीत टाकायची. तरंगला तर ठीक, बुडाला तर आधी आभाळाकडे बघायची, मग आमच्याकडे, आणि म्हणायची, "करा बाप्पा, तुमच्याच मनानं करा." हे ऐकलं की दुलारीची बाही पुन्हा वर जायची.

यंदा थंडीच्या सुरुवातीला गोदावरीच्या सुनेचा, वैशालीचा फोन आला. वैशालीला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीत. म्हणाली, "काकी, गिरने के बाद आई कुछ बोलती ही नहीं. पैर ठीक हो गया, काठी लेकर चलती हैं. पर हर बात में बस हव, हव."

गोदावरी आणि हव? भांडण सोडून नुसतं हो ला हो? मी रेवाला म्हटलं, काढ तिकीट. बड्या करायला नाही, मी गोदावरीचं भांडण ऐकायला चालले होते. ते ऐकू आलं नसतं तर रायपूरला माझं म्हणून काय उरलं होतं?

तुम्हाला जायचं असेल तर नागपूरहून सकाळची गाडी धरा. पाच-सहा तास लागतात. म्हाताऱ्यांची तिकिटातली सवलत बंद झाली आहे, तेव्हा पांढऱ्या केसांचा काही उपयोग नाही. पाट्या वाचता येत नसतील तरी घाबरू नका. दरेकसाचा बोगदा आला की अंधार होतो, मग डोंगरगडला टेकडीवरचं देऊळ दिसतं आणि सगळा डबा हात जोडतो. पुढे राजनांदगाव, दुर्ग, आणि मग सामान काढायला लागा.

गच्चीवरच्यासारखी डब्यातही कामं आपोआप वाटली गेली. भंडाऱ्यापर्यंत सगळे अनोळखी. गोंदियापर्यंत एक भैया प्रत्येक स्टेशनचं नाव मोठ्याने सांगू लागला होता, कुणी विचारलं नव्हतं तरी. एका बाईने सगळ्यांना चिवडा वाटला. एक तरुण पोट्टा सगळ्यांच्या बॅगा वर चढवून देत होता. आणि कोपऱ्यातले एक गृहस्थ गाडी लेट आहे म्हणून कुरकुरत होते. गाडी वेळेवर होती. पण ते दुर्गला उतरले आणि डबा एकदम सुना झाला. मी रेवाला म्हटलं, "पाहिलंस? कुरकुरणारा गेला की मजा जाते."

"आजी, तू झोप आता," ती म्हणाली. तिचं काम मला झोपवणं.

रायपूर स्टेशनवरून पुरानी बस्तीसाठी बॅटरीची रिक्षा करा, भाव आधी ठरवा. महामाया मंदिराच्या अलीकडे गल्ली अरुंद होते, तिथे उतरून चालायचं. सकाळी तिथे असाल तर कोपऱ्यावर गरम फरा मिळतो, तांदळाच्या पिठाचा, टोमॅटोच्या चटणीबरोबर. जुनं दुकान गेलं, नवीन आलं, चटणी तशीच तिखट.

गोदावरी दारात काठी धरून उभी होती. मी म्हटलं, "किती म्हातारी झाली गं!"

पूर्वी तिने माझं नाक कापलं असतं. ती म्हणाली, "हव."

मी पिशवी उचलून आत गेले.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर ऊन छान होतं. वैशालीने डाळ मिक्सरमध्ये वाटली होती. दुलारी आता थकली आहे, तरी परातीपाशी बसून फेटत होती. गोदावरीसाठी कोपऱ्यात प्लास्टिकची खुर्ची, पाठीला उशी, अंगावर शाल. तिने किसणी उचलली तर वैशाली म्हणे, "आई, आप आराम करो." कापड झटकायला वाकली तर दुलारी म्हणे, "बइठ दीदी, बइठ." सगळं प्रेमाने. लग्नातल्या पाहुणीसारखं तिला बसवून ठेवलं होतं. आणि पाण्याची वाटी कुठेच नव्हती. कुणाला आठवलीच नाही.

"हो गया न दाई?" वैशालीने दुलारीला विचारलं. मग सासूकडे वळून, "आई, ठीक है?"

गोदावरीने परातीकडे पाहिलंही नाही. "हव."

मी माझा पाट उचलला आणि खुर्चीच्या शेजारी मांडला. ठरवलं, तिचं काम कुणीच करत नसेल तर मी करते. "हे काय?" मी म्हटलं. "डाळ पिवळी दिसून राहिली."

उडदाची डाळ पिवळी कशी होईल, म्हणून दुलारी हसली. "उरिद दार आय दीदी, पिंयर कइसे होही?"

"कोहळा जाड किसला."

"काकी, एकदम बारीक है," वैशाली म्हणाली.

"आभाळ आलं. वाळायच्या नाहीत आज." आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. काठी जमिनीवर एकदा आपटली. मी पुढे चालूच ठेवलं. "आणि कापड पाहा, किती पांढरं! पांढऱ्या कापडावर कुठं बड्या टाकतात?"

काठी दुसऱ्यांदा आपटली.

"सुमन!" गोदावरी मला म्हणाली. "तुले नावं ठेवता येत नाही तर काहून ठेवून राहिली? डाळ चांगली हाय. कोहळा बारीक हाय. त्याचं पाणी पिळलं नाही, ते नाही दिसलं तुले? डोळे नागपूरले ठेवून आली काय?" मग वैशालीकडे वळून, "वाटी कुठं हाय? वाटीशिवाय कोणी बड्या टाकते काय?"

वैशाली जिन्यावरून अशी पळाली की पायातली चप्पल वरच राहिली. वाटी आली. गोदावरी खुर्चीतून उठली, शाल तिथेच पडली. ठिपका टाकला. तो सरळ तळाला गेला. तिने आभाळाकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"करा बाप्पा, तुमच्याच मनानं करा."

दुलारीने बाही वर केली. तिचा दंड दुखत होता, पण चेहरा असा की कुणी जत्रेला नेतंय. वैशाली पिळलेल्या कोहळ्याचा नवा किस घालत होती आणि पदराने डोळे पुसत होती. मी जागच्या जागी उभी होते.

"तू काय उभी राहिली?" गोदावरी माझ्यावर आली. "बोल काही. हात थांबून राहिले सगळ्यांचे."

मी पाटावर बसले. जे आठवलं ते सांगितलं, आमचे हे एकदा इथेच बड्यांची राखण करत होते आणि माकडाने त्यांची छत्री पळवली.

"छत्री नाही, टॉवेल," गोदावरी म्हणाली.

"छत्री होती!"

"टॉवेल. निळा. भाऊजी तसेच बनियनवर खाली आले." संध्याकाळपर्यंत आमचं एकमत झालं नाही. बड्या मात्र टाकून संपल्या.

बोलताना मीही बड्यांच्या दोन ओळी टाकल्या. माझ्या नेहमीसारख्याच चपट्या झाल्या. गोदावरीने त्या काठीने दाखवून वेगळ्या कापडावर ठेवायला लावल्या. "हे नागपूरचं काम. चांगल्यात मिसळू नका."

आता घरी येऊन बसले आहे. नागपूरच्या आमच्या बिल्डिंगला गच्ची आहे, पण तिला कुलूप असतं आणि चावी सेक्रेटरीकडे. इथे मला सगळे "आजी, बसा" म्हणतात. मीही बसते. रायपूरहून आल्यापासून मात्र पाठीमागची उशी काढून टाकते आणि स्वयंपाकघरात जाऊन बोलत राहते. सुनेचे हात भराभर चालतात. माझ्यापासून सुटका हवी म्हणून असेल, पण चालतात.

काल वैशालीचा फोन आला. "काकी, आपने ये क्या कर दिया? अब सुबह से शाम तक डाँट खा रही हूँ." तक्रार करत होती, पण सांगताना इतकी हसत होती की वाक्य पुरं होईना. मागून आवाज आला, "तिले सांग, टॉवेलच होता!"

तर वैशाली, हे तू वाचशीलच. बड्या वाळल्या असतील. टोकदार, सुबक बड्या तुमच्याकडे ठेवा, वांग्याच्या भाजीत घाला. मला त्या वेगळ्या कापडावरच्या चपट्या पाठव. गोदावरी म्हणेल, असलं कोणी कोणाले पाठवते काय. म्हणू दे. मध्ये बोलू नकोस. तिचं पूर्ण बोलून झालं की मगच डब्याचं झाकण लाव.