समोरचं शटर

रसायनीच्या कारखान्यांच्या रस्त्यावर आम्हा नवरा-बायकोची खानावळ होती. आमचं घर भिसेगावला. तांदळाची भाकरी, आमटी, सुकटीची चटणी, असं जेवण आम्ही वर्षानुवर्षं वाढत आलो. चार पावलांवर कारखान्याचं गेट, त्यामुळे गिऱ्हाईक कुठे जाणार, अशी आमची समजूत.

एका उन्हाळ्यात एक बाई जेवायला येऊ लागली. कडेच्या टेबलावर बसायची. स्वतः थोडंच खायची. तिची नजर इतरांच्या ताटांवर असायची. कोण काय टाकतोय ते बघायची, उठणाऱ्याशी हळूच दोन शब्द बोलायची.

"ही बाई जेवायला येत नाय," मी नवऱ्याला म्हटलं.

"पैसे देते ना? बसू दे की."

मग ती यायची थांबली, आणि समोरच्या बंद गाळ्याच्या शटरला रंग लागला.

तिनं तिथं स्वतःची खानावळ उघडली तेव्हा आमच्याकडची टेबलं एकेक करून रिकामी पडू लागली. परराज्यातून आलेल्या पोरांना तिच्याकडे मोहरीच्या तेलातली मासळी मिळत होती. पाळी सुटली की गेटवर डबे तयार. आमचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक, पॅकिंगमधला एक म्हातारा कामगार, तोही मान खाली घालून रस्ता ओलांडताना दिसला. मी त्याला गाठलंच.

"काका, आमचं काय चुकलं?"

"चुकलं काय नाय गं. माझे दात गेले. भाकरी चावत नाय. तिनं इचारलं, मऊ भात देऊ का? तुमी कदी इचारलंच नाय."

तो वर्षभर भाकरी ताटात ठेवून उठत होता, आणि ती मीच उचलत होते.

त्यानंतर मी विचारू लागले. सकाळच्या पाळीची माणसं उपाशीपोटी येतात, हे तेव्हा कळलं. त्या वेळी समोरचं शटर बंद असायचं. मी पहाटेच तवा तापवून गरम आंबोळ्या घालू लागले. गेटमध्ये शिरण्याआधी माणसं हातावर घेऊन खायची. दुपारचं जेवण मात्र परत उभं राहिलं नाही. नवऱ्यानं टेबलं विकली आणि स्वतःच्या हातानं टेंपोत चढवली.

आंबोळ्या अजून चालतात. पण सकाळची रांग आता आखूड होत चालली आहे. परवा एक पोरगा म्हणाला, "वहिनी, आमचं काम मशीनवर जानार म्हनतात."

"मग तुमी कुठं जानार रं?"

त्यानं पैसे ठेवले, आंबोळी हातावर घेतली आणि गेटकडे पळाला.