बिनफोडणीची अक्का

अक्काच्या घरातून फोडणीचा वास कधी आला नाही. बोरीत तिच्या गल्लीत सकाळी घराघरांतून मोहरी तडतडायची, लसूण-मिरचीचा ठसका रस्त्यापर्यंत यायचा. मधलं एक घर तेवढं गप्प. गावानं तिचं नावच ‘बिनफोडणीची’ पाडलं होतं. तिच्या कानावर ते जायचं. तिनं कधी मनाला लावून घेतलं नाही. मनाला लावून घ्यायला तिच्याकडे याहून मोठं दुखणं होतं.

अक्का माझी थोरली बहीण. आईनं तिला आपल्या धाकट्या भावाला, म्हणजे आमच्या सख्ख्या मामालाच दिली. आमच्याकडे तशी रीतच होती. परक्याच्या दारात लेकीला रडावं लागू नये, असं आई म्हणायची. मामाचा स्वभाव गरीब, दारात शेळ्यांचा कळप, दूधदुभतं भरपूर. पेडगावाहून अक्काला बोरीला पोचवून आली तेव्हा आई निर्धास्त झाली होती.

वर्षभरात मंगल झाली. अंगावर पाजलं की पोरीचं पोट फुगायचं आणि ती काळीनिळी होईपर्यंत रडायची. पुढं तिच्या कोपरांवर, ढुंगणावर पिवळसर पुटकुळ्या उठल्या. कुणी करणी म्हणालं, कुणी अक्काच्या दुधाला दोष दिला. परभणीच्या दवाखान्यात तिचं रक्त काढलं तर ते दूध घातलेल्या सरबतासारखं गुलाबी निघालं. तिथल्या डॉक्टरांनी ताबडतोब औरंगाबादला पाठवलं.

तिथं कळलं, ते असं. खाल्लेली चरबी रक्तात फुटून जिरायला रक्तातच एक प्रथिन लागतं. तुमच्या-माझ्या रक्तात ते असतं. मंगलच्या रक्तात ते तयारच होत नव्हतं. त्यामुळे खाल्लेलं तूप, तेल, दूध तसंच रक्तात तरंगत राहायचं. यावर औषध नाही, चरबी पोटात जाऊ द्यायची नाही एवढंच. आईचं दूधसुद्धा नाही. अक्कानं त्याच दिवशी छातीला धडपा आवळून बांधला. पलीकडे मामाच्या मांडीवर पोर भुकेनं किंचाळत होती आणि ही भिंतीकडे तोंड करून उभी होती, असं मामानं पुढं कितीदा तरी सांगितलं.

मग त्या घरातून सगळं स्निग्ध गेलं. मामानं शेळ्या थोरल्या भावाकडे नेऊन सोडल्या आणि दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाऊ लागला. भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी, पाण्यात शिजवलेली भाजी, लोणी पार काढलेलं ताक. शेंगदाण्याचं कूट नाही, तिळाची चटणी नाही. मंगल खेळून आली की अक्का आधी तिचं तोंड हुंगायची, मग बोटं. आलेल्या पाहुण्यांचे हातही हुंगायची. मोठी माणसं दुखावली जायची. ती म्हणायची, “तेल दिसत न्हाई, पर वास लपत न्हाई.” लग्नाकार्यात मंगलला घेऊन पंगतीपासून लांब बसायची. आपला डबा उघडून दोघी कोरडी भाकरी खायच्या.

एवढं करूनही कळ यायचीच. पोटातून निघून पाठीत घुसायची, पोर वाकडी व्हायची, हिरवं ओकायची. मग औरंगाबाद. तोंडानं काही द्यायचं नाही, हाताला सलाईन, आणि कुणा धडधाकट माणसाच्या रक्तातून वेगळं काढलेलं पिवळं पाणी चढवायचं. त्यात ते प्रथिन असायचं. ते चढलं की चार-आठ दिवस मंगल टवटवीत दिसायची, हसायची. मग पुन्हा होतं तेच. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. पाणी देताना माणसं समोरच्याची जात विचारत होती. पहिल्यांदा ती पिशवी टांगली तेव्हा मामानं हळूच विचारलं, कुणाचं असंल. अक्का म्हणाली, “कुणाचं का असंना. लेकराला लागू पडतंय, त्याचे पाय धरावं.”

तिथल्याच एका तरुण डॉक्टरनं तिला एकदा सांगितलं की परदेशात माणसाच्या रक्तातून नेमकं तेच प्रथिन शुद्ध करून छोट्या कुपीत भरून ठेवतात. त्यानं बिचाऱ्यानं सहज माहिती म्हणून सांगितलं. लगेच हेही सांगितलं की ते तपासणीसाठी असतं, प्रयोगासाठी असतं, रोग्याला द्यायचं औषध ते नव्हे. अक्कानं पहिलं तेवढं धरलं. “माणसाच्याच रक्तातलं हाय न्हवं?” ती म्हणाली. “मंग माणसालाच का देईनात?”

तेव्हापासून तिनं कुपीचा नाद सोडला नाही. प्रत्येक डॉक्टरला विचारलं, औषधाच्या दुकानदाराला विचारलं, मुंबईला नोकरी लागलेल्या शेजारच्या पोराला विचारलं, देवळात प्रवचनाला आलेल्या बुवांनासुद्धा विचारलं. बोलता बोलता मध्येच थांबून म्हणायची, “कुठंतरी भरून ठिवलंय की गं ते. म्हंजी हाय तर खरं.” तिच्या तोंडाकडे बघवत नसे.

मंगल सातवीत होती तेव्हा शेवटची कळ आली. नामांतरावरून बंद होता, एसटी बंद. मामानं कुणाची तरी जीप मिळवली. औरंगाबादला पोचले, पिशवीही चढली, पण या वेळी स्वादुपिंड आतून सडलं होतं. शेवटी शुद्धीवर आली तेव्हा पोर अक्काला म्हणाली, “माय, म्या कायबी खाल्लं नव्हतं.”

“ठावं हाय मला,” अक्का म्हणाली.

मंगलला जाऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा माझी सोयरीक ठरली. थोरल्या मामाच्या मुलाशी. सुपारी फोडायला पेडगावच्या आमच्या घरी माणसं जमली होती. अक्काला कुणी बोलावलं नव्हतं. सुतकी तोंडानं शुभकार्यात कशाला, असं आईनं ठरवलं होतं. ती मामाला घेऊन आली आणि चपला न काढता दारातच उभी राहिली.

“आई, डाक्टरनं तवाच सांगितलं हुतं,” ती म्हणाली. “ह्यो दोष अर्धा माझ्यातून आला, अर्धा ह्यांच्यातून. दोघांत एकाच घरातून आलेला. तुला वाईट वाटंल म्हनून इतकी वर्सं बोलले न्हाई. हिला तिथं देऊ नको.”

थोरले मामा धाकट्या भावाकडे बघू लागले. तो खाली मान घालून म्हणाला, “खरं सांगायलीय ती.”

आई उठून अक्कासमोर गेली. “म्हंजी मंगलला म्या मारली का?”

अक्कानं ‘न्हाई’ म्हणावं, याची आम्ही सगळेच वाट बघत होतो. पण ती वळली आणि मामाच्या मागोमाग रस्त्याला लागली.

सोयरीक मोडली. त्या दिवसापासून आईनं अक्काचं नाव घेतलं नाही. मला येलदरीला, कुठलंही नातं नसलेल्या घरात दिलं. माझ्या लग्नाला अक्का नव्हती.

मला मुलगी झाली तेव्हा मात्र ती येलदरीला आली. बाळ अंगावर पीत होतं. अक्का समोर बसून एकटक बघत राहिली. पिऊन बाळ झोपलं, तरी ती त्याच्या पोटावरचा हात काढेना. दुपार गेली. बाळाला काही झालं नाही. मी भीत भीत विचारलं, हिचं नाव मंगल ठेवू का.

“नको,” ती म्हणाली. “त्या नावाला दुसऱ्या कुनी ओ दिली तर मला सोसायचं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी बारशाला आई यायची होती. अक्का थांबली नाही. संध्याकाळच्या गाडीनं गेली.

बारशाला आईनं बाळाला मांडीवर घेतलं. अक्का येऊन गेल्याचं तिला कुणीतरी सांगितलं असावं. बायका पाळणा सजवत होत्या, तेवढ्यात तिनं मला जवळ बोलावून हळू आवाजात विचारलं, “माझ्याबद्दल काही बोलली का?”

मी नाही म्हणाले. आईनं मान हलवली आणि बाळाचं तोंड पदरानं पुसत राहिली.